भैरूच्या दगडावरची तारीख

१

उत्कर्षाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि मेथी निवडताना कोणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. पण पोरगी रडत होती.

"मावशी, आजोबांचा दगड फोडला हो कोणीतरी. परवा बसवायचा होता."

उत्कर्षा माझी भाडेकरू. रहाटणीत माझ्या वरच्या खोलीत राहते, सकाळी कंपनीच्या बसनं चाकणला जाते, गाड्यांचे सुटे भाग तपासायची नोकरी करते. मी शालन जगदाळे, पोलिसात फौजदार होते. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी सोसायटीत कोणाची चप्पल हरवली की माझंच दार वाजतं. चप्पल शोधायला मी जात नाही. या दगडासाठी मात्र मेथी तशीच ठेवून निघाले, कारण त्या दगडापायी पोरीनं काय काय केलंय ते मी बघितलं होतं.

झालं होतं ते असं. चाकणवरून राजगुरुनगरकडे जाताना आत वळलं की गारवाडी लागते. निम्म्या शेतांत आता कंपन्यांच्या शेड, उरलेल्यात कांदा. एकाहत्तरच्या लढाईला इथले दोघं गेले, एकाच पलटणीत. अर्जुनराव पडवळ परत आले. उत्कर्षाचे आजोबा भैरू गारगोटे आले नाहीत. घरी तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. अर्जुनरावांनी सांगितलं, माघार घेतली तेव्हा भैरू आमच्यात नव्हता. पुढचं गावानं स्वतःच ठरवलं: पळाला. भैरूची बायको कौशल्याबाई, तिनं कुंकू पुसलं नाही, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली. तो जिवंत आहे आणि हिला ठाऊक आहे, असं बोलायला लागले. त्यांचा मुलगा भीमराज, म्हणजे उत्कर्षाचा बाप, 'पळपुट्याचा' म्हणून वाढला आणि दोन वर्षांपूर्वी तसाच गेला. जाताना पोरीचा हात धरून एवढंच म्हणाला, खरं काय झालं ते शोध आणि गावाला दाखव.

आणि पोरीनं शोधलं. सरकारनं त्या लढाईची दफ्तरं खुली केली, त्यात पलटणींच्या रोजच्या नोंदी आल्या. ही रजा टाकून दिल्लीला गेली, आठवडाभर अभिलेखागारात बसली. नोंद सापडली. कालव्याच्या बांधावरून कंपनीनं माघार घेतली तेव्हा शिपाई भैरू गारगोटे मशिनगन घेऊन एकटा मागं थांबला. त्याच्यामुळं बाकीचे वाचले. लढाई थांबल्यावर शत्रूच्या अधिकाऱ्यानं त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर दिला आणि सांगितलं, तुमचा माणूस आम्ही सलामी देऊन तिथंच पुरलाय. नोंद गोपनीय म्हणून कपाटात गेली, घरच्यांच्या हातात राहिली ती फक्त तार.

मग पोरीनं दगड घडवून घेतला. विजय दिवसाला शाळेसमोर बसवायचा ठरला. आणि आता तो फोडला होता.

देवळाच्या पडवीत ताडपत्री बाजूला करून तिनं मला दाखवला. काळा, घोटून गुळगुळीत केलेला. वर लिहिलं होतं, 'शिपाई भैरू सखाराम गारगोटे'. खाली 'वीरमरण' हा शब्द आणि डिसेंबरमधली तारीख असायला हवी होती. तिथं नुसता खरबरीत पट्टा होता.

२

"नावापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी आलं असणार," उत्कर्षा म्हणाली. "नाहीतर सगळाच घालवला असता. मला माहितीय कोण ते. जयदीप."

जयदीप पडवळ, अर्जुनरावांचा मुलगा. जमिनीचे व्यवहार करतो, पंचायतीला उभा राहणार. त्याच्या फ्लेक्सवर बापाचा फौजी टोपीतला फोटो असतो. महिन्यापूर्वी चावडीवर सगळ्यांसमोर बोलला होता, कागद दाखवून माझ्या म्हाताऱ्याला कोणी खाली बघायला लावलं तर दगड बसू देणार नाही.

"दगड कधी आला?"

"काल दुपारी. नवनाथनं टेम्पोतून आणला. मी आजीला घेऊन आले बघायला. तिला वाचता येत नाही ना, म्हणून बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. तेव्हा चांगला होता. आज सकाळी अकराला पुजारी झाडायला आला तर हे."

"आजी काय म्हणाली दगड बघून?"

"काहीच नाही. संध्याकाळी भावकीतल्या बायका घरी आल्या, आता आजीचा विधी करायला हवा म्हणत होत्या, त्यांच्याशीपण बोलली नाही. पन्नास वर्षांनी कळलं, मावशी. सुचत नसेल तिला."

नवनाथ पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता. मूळचा बीडकडचा पाथरवट, दगड त्यानंच घडवलेला; चाकणला रस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं दुकान. मी त्याला सरळच विचारलं, तारीख चुकली म्हणून तूच तर नाही ना घालवलीस?

"ताई, चुकली असती तर दुकानातच घासून दुसरी घातली असती. मशीन हाय माझ्याकडं. असं कुरतडून कशाला ठेवू? आज तर म्या सकाळपासून राजगुरुनगरला व्हतो, एकाच्या ओट्याच्या फरश्या बसवायला. विचारा त्यांना."

मी विचारलं. खरं होतं.

मी दगडावर बोट फिरवलं. तुकडे उडालेले नव्हते. बारीक बारीक टोचे होते, एकाला एक लागून, सगळे सारख्या खोलीचे. ओळ संपली तिथं टोचेही संपले होते. वरच्या नावाला ओरखडादेखील नव्हता. उलट भैरूच्या नावाच्या सुरुवातीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"हे तू लावलंस?"

उत्कर्षानं मान हलवली. नाही म्हणाली.

३

जयदीपचं ऑफिस देवळासमोरच आहे. मला बघून तो खुर्चीतून उठला नाही, मग मीही त्याला अहोजाहो केलं नाही.

"तू फोडलास?"

"काय मावशी तुम्ही. मला काय येड लागलंय का? ते कागद अख्ख्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅपवर फिरतायत. आता शहिदाचा दगड फोडला तर माझ्या घरचीपण मतं पडायची नाहीत मला."

"चावडीवर बोलला होतास."

"बोललो. बापाचं वाईट वाटतं राव. पण फोडायचाच असता तर शेडवरून ग्राइंडर आणला असता, दोन मिनिटांत सगळा साफ केला असता." मग जरा थांबून म्हणाला, "सकाळी ठकठक ऐकू येत होती, इथपर्यंत. बराच वेळ. रस्त्यावर कंटेनर चाललेले, मला वाटलं नवनाथ काहीतरी काम करतोय. बघितलं नाही मी."

"बराच वेळ म्हणजे?"

"माझे दोन चहा झाले तोवर."

माझ्या नोकरीत मी खूप खोटं ऐकलंय. हे खोटं वाटत नव्हतं, त्याचा मला रागच आला, कारण पोरीनं ठरवलेला चोर हातचा जात होता.

अर्जुनराव मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. सत्त्याहत्तरीचे असतील. पाणी प्यायला तांब्या उचलला तर निम्मं पाणी अंगावर सांडलं, हात इतके थरथरत होते. ते टोचे पाडणारा हात हा नव्हे, हे मला तिथंच कळलं. तरी मी बसले, कारण त्यांना बोलायचं होतं.

"पळाला असं मी कधी म्हनलो न्हाई, बाई. मी म्हनलो, आमच्यात नव्हता. लोकांनी पळाला केला."

"तुम्ही त्यांना थांबवलंत का?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"आमी मागं येत होतो तवा पाठीमागं मशिनगन वाजत होती. मला वाटलं दुसऱ्या कंपनीची आसंल. वळून बघितलं न्हाई. आता पोरीच्या कागदात वाचलं, ती भैरूची होती. एवढी वर्षं त्याच्या पोराला मी रस्त्यानं येताजाता बघितलंय. भीमराज मला फौजी काका म्हनायचा. मी मान हलवायचो आन पुढं जायचो." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "दगड बसला की त्याच्याम्होरं सॅल्यूट करायचा होता मला. कोनी फोडला ते बघा. मला त्याचं तोंड बघायचंय."

मी उठले. दारात आल्यावर ते मागून म्हणाले, "कौशल्याला सांगा, अर्जुना यायची हिंमत करतोय."

४

कौशल्याबाईंचं घर गावाच्या टोकाला. पुढं पत्र्याची पडवी, मागं परडं, परड्याच्या भिंतीला लागून कंपनीचं गोदाम. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण ताठ बाई. हातात हिरव्या बांगड्या, पायांत जोडवी, आणि कपाळावर जुन्या पद्धतीनं आधी मेण लावून वर भरलेलं रुपयाएवढं कुंकू. गावात इतकं ठळक कुंकू दुसऱ्या कोणाच्या कपाळावर मला दिसलं नाही.

"जेवा आदी. मंग काय इचारायचं ते इचारा."

जेवायला बसले. भाकरी, पिठलं, आणि शेंगदाण्याची लाल चटणी. चटणी झकास होती, फक्त दाताखाली कच लागत होती. मी काही बोलले नाही, दुसऱ्याच्या घरी चटणीत कच लागली म्हणून सांगायची माझी पद्धत नाही.

"तुमच्यावर कोणाचा राग आहे का, कौशल्याबाई?"

"माझ्यावर? सगळ्यांचाच हाय. हळदीकुंकवाला बोलवायच्या न्हाईत. पळालेल्याची बायकू, तिला वान कशाला, म्हनायच्या. मी माझं माझं लावायची."

"आणि आता कळलं की ते पळाले नव्हते."

"व्हय. पोरगी म्हनती तसं." त्यांनी माझ्या ताटात अजून भाकरी टाकली. "कागदात लिवलंय म्हनं."

"सकाळी कुठं होतात?"

"हितंच. कुटं जानार मी."

उत्कर्षा दारात उभी होती. ती लगेच म्हणाली, "आजी, मी नऊला आले तेव्हा घराला कडी होती की. मला वाटलं तू गिरणीत गेलीयस."

कौशल्याबाईंनी नातीकडे बघितलं नाही. "मंग गिरनीत आसंल," म्हणाल्या.

मी हात धुवायला परड्यात गेले. तिथं भिंतीशी पाटा-वरवंटा होता. पाटा उन्हात पांढुरका दिसत होता, आणि मी हात न धुताच तिथं खाली बसले.

५

आमच्या लहानपणी गावात वडारी यायचे, पाट्याला टाकी लावायची का म्हणून ओरडत. वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला सरकतो, वाटला जात नाही. मग छिन्नीनं त्याला बारीक टोचे पाडायचे, एकाला एक लागून, सारखे. त्याला टाकी लावणं म्हणतात. नव्यानं टाकी लावलेल्या पाट्यावर वाटलं की पहिले काही दिवस खाण्यात कच येते. आता घरोघरी मिक्सर आलेत, वडारी कुठले यायला. ज्याला हौस आहे त्यानं स्वतःच लावायची.

मी पाट्यावर बोट फिरवलं. दुपारी देवळात हेच बोट मी दगडावर फिरवलं होतं. टोचे तेच होते.

आता सगळं मनात ओळीनं लागलं. चाकणच्या भागात घरटी एक माणूस कंपनीत, ज्याला दगड नासवायचाय तो ग्राइंडर आणेल नाहीतर घण. इथं कोणीतरी दोन चहा होईस्तोवर टाकीनं काम करत बसलं होतं. वैरी असता तर नावापासून सुरुवात केली असती, तारखेपासून नाही. आणि कामात अडथळा आला म्हणून अर्धं राहिलं, असंही नव्हतं. पट्टा ओळीच्या टोकापर्यंत नीट गेला होता, काम पूर्ण झालं होतं. ज्यानं केलं त्याला नाव हवं होतं, नावाला त्यानं कुंकू लावलं होतं. त्याला नको होती ती फक्त मरणाची तारीख.

एक अडचण होती. कौशल्याबाईंना वाचता येत नाही, मग तारीख नेमकी कुठली ते कसं कळलं? पण त्याचं उत्तर उत्कर्षानं मला आधीच दिलं होतं, बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली म्हणून.

खरं सांगते, तेव्हा मला उठून गुपचूप रहाटणीला परत जावंसं वाटलं. पण आत ती पोरगी जयदीपवर पोलीस केस करायला निघाली होती.

६

"पाट्याला टाकी कधी लावलीत?" मी आत येऊन विचारलं.

"झाले आठ दिस."

"आणि दगडाला?"

त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उलटवली, मग म्हणाल्या, "आज सकाळी. नाव न्हाई तोडलं म्या."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्यापर्यंत आले."

उत्कर्षा भिंतीला टेकून खाली बसली.

मला आपलं वाटलं, बायका येऊन कुंकू पुसायच्या विधीचं बोलल्या, त्याचा धसका घेतला बाईनं. मी खवळलेच. "अहो, कुंकवासाठी एवढं? माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मी रोज टिकली लावते, हिरव्या बांगड्या घालते, कोणाची छाती झाली नाही मला बोलायची. कोण म्हणतं पुसा म्हणून?"

"कुंकवाचं न्हाई ओ, फौजदारबाई." त्यांनी तवा खाली उतरवला. "लोक त्यांना पळपुटा म्हनायचे ना, मला राग न्हाई यायचा. बरं वाटायचं. पळालेला मानूस कुटंतरी जिता आसतो. भाकरी खात आसंल. दुसरी बायकू केली आसंल, तरी चालंल म्हनायची मी. येत न्हाई तर नको येऊ. पन हाय. रोज सकाळी कुंकू लावताना मला ठावं आसायचं, हाय. आन काल पोरीनं त्या वळीवर बोट ठेवलं. म्हनली, आजी, हितं आजोबा गेले. त्या बोटाखाली मेले बगा ते. त्याच्या आदी न्हाई मेले."



उत्कर्षा बोलली. हळू बोलली, पण मला ती ओरडल्यासारखीच वाटली. "आणि बाबा? बाबांना शाळेत पोरं चिडवायची. एका लग्नात हारावरून भांडण झालं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हटले त्यांना पळपुट्याचा. मरताना तेच डोक्यात होतं त्यांच्या. तुला माहीत होतं ना, आजोबा पळणारे नव्हते?"

"ठावं होतं."

"मग एकदा तरी म्हणायचंस. एकदा तरी म्हणायचंस बाबांना, तुझा बाप पळणारा नव्हता."

"कशी म्हनू? पळनारा नव्हता म्हनलं, तर मेला म्हनावं लागलं आसतं."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं. कौशल्याबाई हातातल्या उलथन्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मोठ्यानं कधी बोलली नव्हती, आणि बोलल्यावर ती त्यांनाच पहिल्यांदा ऐकू आली.

"भीमा एकदा मार खाऊन आला होता पोरांचा," त्या म्हणाल्या. "सात वरसाचा आसंल. इचारलं मला, आये, आपला बाप भित्रा होता का गं? मी म्हनलं, जेव गप." त्यांनी तोंडाला पदर लावला. "नवरा जिता ठिवायला पोराला मारलं म्या."

मग त्या रडल्या. नवऱ्यासाठी नाही, मुलासाठी. उत्कर्षा जागची उठली नाही. मी उठून पाणी दिलं, तेवढंच माझ्यानं झालं.

७

जयदीपवर केस झाली नाही. गावाला काय सांगायचं, हे मी उत्कर्षावर सोडलं. रात्री ती माझ्याबरोबर रहाटणीला परत आली. सकाळी म्हणाली, "मावशी, तारीख नको. नाव आहे तेवढं बस. तिला राहू दे."

बापाला दिलेला शब्द अर्धा ठेवून आजीला जगू द्यायचं तिनं ठरवलं होतं. मी म्हटलं, तुझं तू बघ. आम्ही दोघी दगड झाकून घ्यायला गारवाडीला गेलो.

पडवीत नवनाथ आधीच बसलेला. त्याच्यासमोर कौशल्याबाई. त्यांनीच सकाळी कोणाच्या तरी मोटारसायकलवरून त्याला निरोप धाडला होता.

"मशीन नको," त्या त्याला सांगत होत्या. "हिनं घाल." आणि पदराखालून स्वतःची टाकी काढून त्याच्या हातात दिली.

नवनाथनं आमच्याकडे बघितलं. उत्कर्षा म्हणाली, "आजी, नको. खरंच नको. मी रागात बोलले."

"तू नको बोलूस. भीमानं काय सांगितलं होतं, गावाला दाखव म्हनून? मंग पुरं दाखवायचं. बापाची तारीख न्हाई तर पोरगा अजून पळपुट्याचाच ऱ्हातोय."

खरबरीत पट्टा नवनाथला घालवता आला नाही. त्यानं त्याच्या खाली, उरलेल्या गुळगुळीत जागेत, पुन्हा अक्षरं आखली आणि ठोके घालायला लागला. वेळ लागला. तेवढ्यात समोरून जयदीपचा हात धरून अर्जुनराव आले. कौशल्याबाईंना बघून थांबले. कौशल्याबाईंनी पडवीतली सतरंजी त्यांच्याकडे सरकवली. "बसा," म्हणाल्या. दोघं म्हातारी माणसं ठोके ऐकत शेजारी शेजारी बसून राहिली.

काम झालं तेव्हा नवनाथनं फडक्यानं भुकटी झटकली. कौशल्याबाईंनी नातीला हाक मारली आणि आपलं बोट पुढं केलं. उत्कर्षानं ते धरून नव्या ओळीवर ठेवलं. तिनं सगळी ओळ वाचली. वीरमरण. दहा डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर.

कौशल्याबाईंनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. मग पदराचं टोक घेऊन कपाळाकडे नेलं.

मी पुढं झाले. "कशाला पुसताय? काल सांगितलं ना, कोणाला भ्यायचं कारण नाही."

"कोनाला भीत न्हाई. वाट बगायची न्हाई आता, म्हनून."

त्यांनी पुसलं. पहिल्यांदा नुसतं पसरलं, मग पदर ओला करून पुन्हा पुसलं. कुंकू गेलं, मेणही गेलं. पण इतकी वर्षं जिथं ते रोज लागत होतं, तिथं कातडीवर रुपयाएवढा फिकट डाग राहिला होता. त्यांना वाटलं अजून कुंकूच आहे. त्या पुसत राहिल्या. शेवटी उत्कर्षानं त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "आजी, गेलंय ते. आता नुसतं कपाळ आहे."